एका शनिवारचा जुना कोरिया: आपले अनुभव लिहा

नोकरी, संशोधन किंवा जोडीदाराच्या बदलीच्या निमित्ताने दक्षिण कोरियात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना भटकंतीसाठी आठवड्याचा एखादाच दिवस मोकळा मिळतो. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा सहलीत येथील जुन्या संस्कृतीची कोणती गोष्ट जवळून पाहायला मिळाली आणि काय फसले, ते कृपया लिहावे. स्थळांच्या याद्या माहितीपत्रकांत मिळतातच. सुरुवात मी करतो.

सोलहून मेट्रोने साधारण तासाभरात सुवॉनला पोहोचता येते. तेथील ह्वासॉंग हा तटबंदीचा किल्ला चोसॉन घराण्याच्या जॉंगजो राजाने १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतला. याच्या वडिलांना, म्हणजे युवराज सादो यांना, १७६२ मध्ये खुद्द त्यांच्या पित्याने तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारले होते. पुढे जॉंगजोने वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि त्यानंतर हे नगर वसवले. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेल्या माणसाचे डोळे मात्र इतिहासाआधी दरवाजाकडे जातात. उत्तरेच्या जांगानमुन दरवाजापुढे अर्धवर्तुळाकार आडभिंत आहे, पण तिचे दार आतल्या दाराच्या अगदी समोर उघडते. आपल्या गोमुखी बांधणीत वाट वळवून दरवाजा दडवलेला असतो, तसे येथे नाही, आणि हे मला शेवटपर्यंत खटकत राहिले. जंग्या, म्हणजे तटातून मारा करण्याची छिद्रे, मात्र पाहण्यासारख्या आहेत: तटावरच्या प्रत्येक चर्येत तीन छिद्रे असून मधले खाली उतरते, ते पायथ्याशी भिडलेल्या शत्रूसाठी, आणि बाजूची दोन दूरच्या माऱ्यासाठी. कोरियन युद्धात या किल्ल्याची बरीच पडझड झाली. बांधकामाच्या वेळी तयार केलेल्या सचित्र दफ्तरात कारागिरांची नावे, कामाचे दिवस आणि मजुरीसुद्धा नोंदलेली असल्यामुळे १९७० च्या दशकात त्यावरून तो पुन्हा उभा करता आला. तटाची लांबी सुमारे ५.७ किलोमीटर आहे. दक्षिणेला तो बाजारात तुटतो, तेथे आम्ही फेरी आटोपती घेतली.

*

सांगलीहून आलेल्या आईला घेऊन मी योंगिनच्या लोकग्रामात गेले होते. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी निरनिराळ्या प्रांतांतील जुन्या धर्तीची घरे उभी केलेली आहेत. घोडेस्वारीचे खेळ आणि दोरीवरची कसरत पाहण्याचा माझा बेत होता, परंतु आई पहिल्याच घराच्या स्वयंपाकघरात रमली. तेथील जमीन शेजारच्या खोलीपेक्षा बरीच खाली असते, कारण चुलीची धग आणि धूर खोलीच्या दगडी लाद्यांखालून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढायचा असतो. यालाच ओन्दोल म्हणतात. लाद्यांवर माती लिंपून वर तेल पाजलेला कागद चिकटवतात. चुलीकडची जागा सर्वांत उबदार, म्हणून ती वडीलधाऱ्यांची. “म्हणजे एकाच जाळावर भात शिजतो आणि अंथरूणही ऊन होते,” असे म्हणून आईने लादीला हात लावून पाहिला. ती गारच होती, कारण त्या घरी त्या दिवशी चूल पेटवलेली नव्हती.

परसात मातीच्या बरण्यांचा ओटा होता. सोयाबीन शिजवून, कुटून केलेल्या ढेपा गवताच्या दोरीने टांगून आंबवतात आणि त्यांपासून दोएनजांग, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली घट्ट चटणी, व सोया सॉस या बरण्यांत मुरवतात. एका बरणीच्या गळ्याशी पेंढ्याची दोरी बांधून तिच्यात लाल मिरच्या आणि कोळसे अडकवलेले होते, आणि पोटावर कागदी पायमोजा उलटा चिकटवलेला होता. दृष्ट लागू नये म्हणून, हे आईला समजावून सांगावे लागले नाही. आम्ही त्या ओट्यापाशी पाऊण तास होतो आणि घोडेस्वारी हुकली.

*

माझा अनुभव थोडा कडू आहे. सोलमधील ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक हा कोरियन पारंपरिक पोशाख घालून गेल्यास प्रवेश विनामूल्य असतो, म्हणून आम्ही जवळच्या एका दुकानातून तो चार तासांसाठी भाड्याने घेतला. परतायला वीस मिनिटे उशीर झाल्यावर दुकानदाराने भरपूर जादा पैसे घेतले, आणि नियम कोरियन भाषेत भिंतीवर लिहिलेला असल्याने वाद घालता आला नाही. घागऱ्याखाली लोखंडी कडे आणि वर चकचकीत जाळी असलेला तो पोशाख पारंपरिक नव्हेच, असे नंतर कोरियन सहकारी हसत म्हणाली. राजवाडा सुंदर आहे. १३९५ चा, १५९२ च्या जपानी स्वारीत जळलेला आणि १८६७ मध्ये पुन्हा बांधलेला. पण आपल्या साध्या कपड्यांत, तिकीट काढून पाहावा.

*

शाकाहारी मंडळींनी एखाद्या बौद्ध मठातील दिवसभराचा कार्यक्रम अवश्य करावा. लसूण, कांद्याची पात आणि तत्सम पाच उग्र पदार्थ तेथे वर्ज्य असतात, आणि त्या पाचांत चक्क हिंगही येतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडून फोडणीत दुप्पट हिंग घालणाऱ्या आमच्या घराण्याला हे झेपले नसते. जेवण चार वाडग्यांत आणि मौनात होते. शेवटी वाडग्यांत पाणी घेऊन मुळ्याच्या किंवा किमचीच्या (आंबवलेल्या भाजीच्या) फोडीने ते पुसायचे आणि ते पाणी प्यायचे, आणि अखेरचे निवळ पाणी एका भांड्यात ओतायचे. ते भुकेल्या प्रेतात्म्यांसाठी असते. त्यांचा घसा सुईएवढा असल्यामुळे पाण्यात कणही चालत नाही. माझ्या पाण्यात तीळ निघाला आणि रांगेतील सर्वांसमोर मला तो चमच्याने शोधून खावा लागला.