डीएसनाईन आणि व्हॉयेजर "एआयने एचडी करून टाका" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे

ध्रुवतारा:
महिन्याभरात तिसऱ्यांदा हेच ऐकलं म्हणून धागा काढतोय. "आता एआय आलंय ना, मग स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाईन (डीएसनाईन) आणि व्हॉयेजर या मालिका एचडीत आणायला अडचण काय, रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवा, सकाळी मालिका तयार." मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

आधी नेक्स्ट जनरेशन या त्यांच्या आधीच्या स्टार ट्रेक मालिकेचं बघू, कारण ते काम खरोखर झालेलं आहे. मालिका १९८७ ते १९९४, एकूण १७८ एपिसोड. शूटिंग झालं ३५ एमएम फिल्मवर, पण एडिटिंग आणि स्पेशल इफेक्ट्स झाले व्हिडिओ टेपवर. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या निगेटिव्हमध्ये एचडीला पुरून उरेल इतका तपशील आहे आणि टीव्हीवर गेल्या त्या फक्त ४८० रेषा. पूर्ण झालेला एपिसोड फिल्मवर कधी नव्हताच! त्यामुळे रीमास्टर करणाऱ्यांना (जुन्या मालिकेची नवी, सुधारित प्रत बनवणाऱ्यांना) गोदामातून फिल्मची २५ हजारांहून जास्त रिळं काढून, जुन्या टेपशी एकेक कट जुळवत, अख्खी मालिका नव्याने एडिट करावी लागली. आणि इफेक्ट्स? एंटरप्राइज या अंतराळजहाजाचं मॉडेल ठेवून, कॉम्प्युटरवर चालणारा कॅमेरा त्याच मार्गाने पुन्हा पुन्हा फिरवायचे, एकदा जहाजावरच्या उजेडासाठी, एकदा नुसत्या खिडक्यांच्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनच्या चकाकीसाठी, एकदा फक्त बाह्याकृती कापून घेण्यासाठी. हे सगळे तुकडे फिल्मवर शिल्लक होते म्हणून ते पुन्हा स्कॅन करून एकावर एक बसवता आले. २०१२ ते २०१४ मध्ये सातही सीझन ब्लू-रेवर आले. माझ्याकडे आहेत, आणि जुनी डीव्हीडी आणि ब्लू-रे एकाच फ्रेमवर थांबवून बघितलं की डीव्हीडीत जो नुसता लालसर ठिपका आहे तिथे युनिफॉर्मच्या कापडाची वीण दिसते. ती वीण तिथे होतीच, कुणी नंतर काढलेली नाही.

आता एआयचं. मी माझ्याच डीएसनाईनच्या डीव्हीडीतला एक एपिसोड अपस्केलिंगच्या (कमी तपशिलाचं चित्र मोठं करणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून काढून बघितला, घाईने नाही, सेटिंग बदलून बदलून चार वेळा. जवळून घेतलेला चेहरा असेल तर ठीक, कधीकधी छानच. पण मालिकेतल्या क्वार्कच्या बारमधला शॉट घ्या, पुढे दोघं बोलतायत आणि मागे आठदहा जण बसलेत. मूळ चित्रात मागच्या माणसाचा चेहरा म्हणजे जेमतेम दहा पिक्सेल. सॉफ्टवेअरने त्या दहा पिक्सेलांत डोळे काढले, एक वर एक खाली, तोंड मेणासारखं वितळलेलं, आणि पुढच्या फ्रेमला तेच डोळे दुसरीकडे. भिंतीवरच्या पॅनलची अक्षरं अळ्यांसारखी वळवळत होती. कुणीतरी रात्री जागून बनवलेला मेकअप, सेट, पॅनल, आणि त्यावर आपण मशीनचा अंदाज फासायचा आणि त्याला रीमास्टर म्हणायचं? निगेटिव्ह आहेत. त्या काढा आणि स्कॅन करा.

रिमोट_कुणाकडे:
तळमळ कळली पण व्यवहार कुठे आहे? डीएसनाईन १७६ एपिसोड, व्हॉयेजर १७२, मिळून ३४८. नेक्स्ट जनरेशनच्या जवळपास दुप्पट काम आणि त्याही वर, या मालिकांचे इफेक्ट्स पुढे पुढे मॉडेलवरून सीजीआयवर (कॉम्प्युटरवर बनवलेल्या चित्रांवर) गेले, ते रेंडरच झालेत, म्हणजे तयार चित्र म्हणून काढलेत, टीव्हीच्या जुन्या साइजला. म्हणजे फिल्म स्कॅन केली तरी जहाजांच्या लढाया तुम्हाला नव्याने बनवाव्या लागणार. नेक्स्ट जनरेशनचे ब्लू-रे आले तेव्हा लोक डिस्क सोडून स्ट्रीमिंगकडे निघाले होते, विक्री अपेक्षेइतकी झाली नाही म्हणून पुढच्या दोन्ही रखडल्या असं सगळेच सांगतात. पैसे घालणारा आकडे बघणार, त्याला दोष कसा देऊ?

आणि दुसरं, आमच्या घरी बाबा रोज रात्री एक एपिसोड बघतात. मोठा टीव्ही आहे, त्यावर जुनी इंटरलेस्ड डीव्हीडी (एक फ्रेम दोन हप्त्यांत, एक सोडून एक रेषांनी दाखवणारी) लावली की माणूस चालला तरी कडांना कंगव्याचे दात फुटतात. अपस्केल केलेली कॉपी लावली तर त्यांना स्वच्छ दिसतं, मागच्या बाकावरच्या माणसाचे डोळे ते मोजत नाहीत हो. तुमच्या परिपूर्ण रीमास्टरची वाट बघत बसायला त्यांनी किती वर्षं थांबायचं?

चुंबकीय_फीत:
दोघांचंही थोडं थोडं पटतंय पण धाग्यात सगळे फिल्म फिल्म करतायत म्हणून लिहितोय, सगळ्या मालिकांना निगेटिव्ह नसते! बीबीसीची डॉक्टर हू ही जुनी मालिका घ्या. स्टुडिओतलं काम थेट व्हिडिओ कॅमेऱ्यावर, बाहेरचं शूटिंग बहुतेक १६ एमएम फिल्मवर. व्हिडिओचा भाग जेवढा टेपवर आहे तेवढाच, त्यापेक्षा जास्त तपशील जगात कुठेही नाही, कुठल्याच गोदामात सापडणार नाही. जुन्या काळातली एकच कथा आख्खी फिल्मवर आहे, १९७० ची स्पिअरहेड फ्रॉम स्पेस, कारण तेव्हा बीबीसीत संप होता आणि स्टुडिओ मिळाला नाही. म्हणून २०१३ ला तिची खरीखुरी एचडी ब्लू-रे निघू शकली. संपामुळे आपल्याला एक एचडी कथा मिळाली, मला हे आठवलं की अजून नवल वाटतं.

आणि ध्रुवतारा, तुम्ही "मशीनचा अंदाज" म्हणून सगळं एका टोपलीत टाकताय ते मला खटकलं. मशीनची मदत घेऊन अत्यंत प्रामाणिक काम झालेलं आहे. बीबीसीने त्या काळात टेप पुसून पुन्हा वापरल्या, काही रंगीत एपिसोडच्या फक्त कृष्णधवल फिल्म कॉपी उरल्या. या कॉपी कशा बनायच्या, तर पडद्यावर एपिसोड चालवायचा आणि समोर फिल्म कॅमेरा लावायचा. रंगाचा सिग्नल गाळलेला नसल्यामुळे त्या कृष्णधवल फिल्मवर अतिशय बारीक ठिपक्यांची नक्षी उमटून राहिली. चाळीसेक वर्षांनी लोकांनी ती नक्षी वाचून मूळ रंग परत काढले! द माइंड ऑफ ईव्हल या १९७१ च्या कथेचे बहुतेक एपिसोड असे रंगीत झाले. यात कुणी मनाने रंग भरलेले नाहीत, फिल्मवर खूण होती ती ओळखली. तसंच विडफायर म्हणून पद्धत आहे, फिल्म कॉपीत सेकंदाला २५ फ्रेम उरतात, त्यातून व्हिडिओची मूळ ५० फील्डची (अर्ध्या फ्रेमची) सळसळती हालचाल परत आणतात. मधल्या प्रतिमा तयारच कराव्या लागतात, पण मूळ प्रक्षेपण कसं दिसायचं ते माहीत असतं, त्याकडे नेण्यासाठी. तेव्हा प्रश्न मशीन वापरलं का हा नाहीच, मशीन कशाच्या आधारावर उत्तर देतंय हा आहे.

मृगनक्षत्र:
मला धाग्याचा मूळ सूरच जरा सोवळ्यातला वाटतोय. ओरिजिनल ओरिजिनल काय, त्या काळच्या लोकांकडे वेळ आणि पैसे नव्हते म्हणून इफेक्ट तसे झाले, त्यांनाही चांगलेच हवे होते. मूळ स्टार ट्रेक (१९६६ ते ६९, ७९ एपिसोड) २००६ मध्ये नव्या सीजीआयसकट आलं तेव्हा मी ते बघून मालिकेच्या प्रेमात पडले. आधीच्या आवृत्तीत तोच तोच जहाजाचा शॉट दर एपिसोडला, ग्रह म्हणजे रंगीत चेंडू. नव्यात ग्रहावर ढग आहेत, प्रत्येक ग्रह वेगळा आहे. कथा तीच, माणसं तीच. नव्या बघणाऱ्याला आत आणायचं असेल तर दार रंगवलं म्हणून एवढं रडायचं कशाला?

ध्रुवतारा:
मृगनक्षत्र, तुम्ही दिलेलं उदाहरण मला मान्य आहे पण कारण वेगळं. २००९ च्या ब्लू-रेवर जुने आणि नवे दोन्ही इफेक्ट आहेत, बघता बघता बदलता येतात. जुनं जागेवर ठेवून नवं शेजारी ठेवलं, त्याला माझी काहीच हरकत नाही. (मूळ स्टार ट्रेकचं काम फिल्मवरच पूर्ण झालं होतं म्हणून जुने इफेक्टही एचडीत मिळाले.) उलटं उदाहरण रेड ड्वार्फ या ब्रिटिश विनोदी अंतराळ मालिकेचं. १९९८ ला पहिल्या तीन सीझनची "रीमास्टर्ड" आवृत्ती काढली, हातांनी बनवलेल्या मॉडेलचे शॉट काढून तिथे त्या वेळचं सीजीआय घातलं, व्हिडिओला फिल्मसारखा लूक दिला, चित्र कापलं. चाहत्यांना आवडलं नाही, आणि आज बघा, मॉडेलचं जहाज अजून जड, खरं वाटतं आणि ते सीजीआय त्या सालातच अडकलंय. पुढे ब्लू-रे काढली तेव्हा मूळ आवृत्तीच अपस्केल करून दिली. सुधारणा म्हणून जे आज घालाल ते दहा वर्षांत सगळ्यात आधी जुनं दिसेल, म्हणून माझा जीव त्या मॉडेलमध्ये आहे.

चुंबकीय_फीत तुमचं बरोबर आहे, मी एका टोपलीत टाकलं. ठिपक्यांची गोष्ट वेगळी, तिथे पुरावा फिल्मवर आहे. माझं म्हणणं निगेटिव्ह असलेल्या मालिकांपुरतं धरा.

सातवी_मिती:
कुणी बॅबिलॉन ५ या अंतराळ मालिकेचा विषयच काढला नाही? या सगळ्या वादाचं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं. १९९३ ची पायलट (पहिला चाचणी भाग), १९९८ पर्यंत मालिका. पुढे टीव्ही रुंद होणार हे ओळखून सुपर ३५ या रुंद चौकट मावणाऱ्या फिल्म पद्धतीवर शूट केली, पण सीजीआय बनलं ४:३ (जुन्या टीव्हीच्या कमी रुंद आकारात) आणि जुन्या साइजलाच. नंतर रुंद पडद्याची डीव्हीडी काढली तेव्हा इफेक्ट असलेला प्रत्येक शॉट वरखाली कापून फुगवला. मी ती डीव्हीडी बघितलीय, दोन माणसं खोलीत बोलतायत तोवर चित्र स्वच्छ आणि त्याच सीनमध्ये खिडकीबाहेर एक जहाज दिसलं की अख्खं चित्र, माणसांसकट, धुरकट होतं, जहाज गेलं की पुन्हा स्वच्छ. सीनमधून फेकल्यासारखं होतं. नव्याने रेंडर करावं तर सीजीआयच्या मूळ फाइल्सच जपलेल्या नाहीत.

मग २०२१ ला काय केलं, तर सरळ ४:३ ला परत आले, माणसांचे सीन फिल्मवरून नव्याने स्कॅन केले आणि इफेक्टचे शॉट अपस्केल केले. जिथे निगेटिव्ह आहे तिथे निगेटिव्ह, जिथे काहीच उरलेलं नाही तिथे मशीन. जहाजं थोडी मऊ दिसतात, चालतं. काळ्या पट्ट्या बाजूला येतात, तेही चालतं, फ्रेम ज्यांनी आखली त्यांनी ४:३ च्या पडद्यासाठी आखली होती. रुंद करायच्या हौसेपायी माणसांची डोकी कापलेली बघण्यापेक्षा पट्ट्या बऱ्या.

मृगनक्षत्र:
जुनं शेजारी ठेवा हे मान्य, एवढं मी सोडते. पण मग एचडीत जे नको ते दिसतं त्याचं काय करायचं ते सांगा. नेक्स्ट जनरेशनच्याच ब्लू-रेमध्ये ब्रिजवरच्या (जहाजाच्या नियंत्रण कक्षातल्या) चकचकीत पॅनलवर लाइटची चमक येऊ नये म्हणून लावलेले काळे पुठ्ठे सरळ दिसतात. थंडरबर्ड्समध्ये बाहुल्यांच्या तारा. ज्यांनी पुठ्ठा लावला त्यांना खात्री होती की घरच्या टीव्हीवर तो दिसणार नाही, म्हणजे त्यांच्या मनातल्या चित्रात पुठ्ठा नव्हताच! तुम्ही मूळ हेतूचा मान राखा म्हणता तर मग पुठ्ठा पुसायला हवा की नको?

चुंबकीय_फीत:
हा प्रश्न खरंच अवघड आहे. माझं मत, पुसू नये. पुठ्ठा हा त्या दिवशीच्या सेटवरच्या कामाचा भाग आहे, एकदा पुसायला लागलं की मेकअपची कड, मग सुरकुती, मग फिल्मचा ग्रेन (चित्रातले बारीक कण), कुठे थांबायचं ते कळत नाही. ग्रेन काढायच्या नादात चेहरे प्लास्टिकचे केलेल्या कितीतरी डिस्क आपण सगळ्यांनी बघितल्यात. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही हेही कबूल करतो.

रिमोट_कुणाकडे:
चला, मग मला सांगा, ३४८ एपिसोडचं काय ठरलं? बॅबिलॉनचा मार्ग ध्रुवतारांना चालणार आहे का, की सीजीआय पुन्हा बनवल्याशिवाय नकोच?

ध्रुवतारा:
चालेल. दोन आठवड्यांपूर्वी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. डीएसनाईनवरच्या माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली आणि त्यात मालिकेतली काही दृश्यं निगेटिव्हवरून स्कॅन करून घातली, ती बघितल्यापासून मला कमी काही चालतच नव्हतं. मालिकेतल्या अंतराळ स्टेशनच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत डीव्हीडीवर नुसता चिखल दिसतो, तिथे त्यात तांबूस, हिरवट असे वेगळे उजेड आहेत, कॅमेरामनने लावलेले. ते कुठलंही सॉफ्टवेअर डीव्हीडीवरून काढू शकणार नाही, कारण डीव्हीडीत ते नाहीतच. तेव्हा माणसांचे सीन फिल्मवरून, मॉडेलचे तुकडे सापडतील तिथे तेही फिल्मवरून, आणि सीजीआय अपस्केल करा, माझी तक्रार नाही. फक्त डब्यावर स्पष्ट लिहा की काय कशावरून घेतलंय. आणि रंगीत फिल्म थंडीत ठेवली तरी हळूहळू फिकी होते, म्हणून एडिटिंगचं नंतर बघा, स्कॅन तरी आता करून ठेवा.

रिमोट_कुणाकडे:
आधी स्कॅन, हे मला पटलं. फिकी झालेली निगेटिव्ह परत आणायला पैसे असूनही उपयोग नाही, हा मुद्दा मी धरला नव्हता. तोवर माझी अपस्केल कॉपी मात्र चालूच राहणार, बाबांचा चौथा सीझन अर्ध्यावर आलाय. त्या माहितीपटातला स्टेशनचा सीन त्यांना आज रात्री दाखवतो, कोपऱ्यातला उजेड त्यांना दिसतो का ते विचारून इथेच लिहितो.