फोटो काढताना आजी-आजोबा जास्त अवघड
कुणीतरी लिहिलंय की लहान मुलांचे पोर्ट्रेट सगळ्यात अवघड, मला तर वयस्कर माणसं जास्त अवघड वाटतात, कॅमेरा दिसला की ताठच होतात. नाशिकच्या पंचवटीतल्या एक आजी फोटो काढायला आल्या होत्या, सारख्या पदर नीट करायच्या, हसा म्हटलं की ओठ घट्ट. मग ८५ एमएमची (लांबून चेहरा टिपणारी) लेन्स लावून जरा लांब बसलो (जवळून वाइड लेन्सने नाक मोठं येतं तेही टळतं) आणि विचारलं, आजी, १९६९ च्या पुरात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलेलं हो? (गोदाकाठची ही मारुतीची मूर्ती, पुराचं पाणी किती चढलं ते नाशिककर तिच्यावरून सांगतात.) आजींनी हात थेट गळ्यापर्यंत नेला, डोळे मोठे झाले, तोच फोटो घरच्यांनी फ्रेम केला. बाकी लग्नाआधीचे (प्री-वेडिंग) फोटो काढून घेणारे चेहऱ्याचा रंग उजळ करा म्हणतात, तो मी करत नाही, पिंपल काढतो तेवढंच.