‘प्रोसीजरली’ म्हणजे ‘रीतसर’ का?

अ-204 : सचिव महोदय, आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेच्या इतिवृत्ताच्या इंग्रजी मसुद्यात ‘द डिसिजन वॉज प्रोसीजरली (procedurally) टेकन’ असे वाक्य आहे, तर मराठी प्रतीत ‘निर्णय रीतसर घेण्यात आला’ असे. दोन्हींचा अर्थ एकच होतो का?

क-101 : माझ्या मते होत नाही, आणि दोष मराठी प्रतीचा नसून इंग्रजी वाक्याचा आहे. ‘रीतसर’ म्हटले की सूचना, गणसंख्या, मतदान हे सारे नियमाप्रमाणे झाल्याची ग्वाही त्यातच येते; इंग्रजीत ती ग्वाही ‘ड्यूली’ हा शब्द देतो. ‘प्रोसीजरली’ केवळ आपण कोणत्या अंगाने पाहत आहोत एवढेच सांगतो, त्यामुळे बरेवाईट सांगणारा शब्द त्याला सोबत लागतो : ‘प्रोसीजरली करेक्ट’ किंवा ‘प्रोसीजरली डिफेक्टिव्ह’. याचे मूळ ‘पुढे जाणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, म्हणजे रोख वाटचालीवर आहे, मुक्कामावर नाही. कायद्याच्या भाषेत हा भेद फार मोलाचा असतो, कारण एखादा निर्णय आशयाने योग्य असूनही बाधित व्यक्तीचे म्हणणे न ऐकता घेतला गेला असेल, तर तो ‘प्रोसीजरली अनफेअर’ ठरतो आणि तेवढ्यावरून रद्दही होऊ शकतो.

ब-302 : मग संगणकीय खेळांत ‘प्रोसीजरली जनरेटेड’ म्हणतात ते कसे? तिथे तर कोणाचे म्हणणे ऐकायचे नसते.

क-101 : तिथे शब्द दृष्टिकोन सांगत नाही, रीत सांगतो. नकाशा कोणी हाताने रेखाटलेला नसून ठरवून दिलेल्या नियमांनुसार संगणकाने रचलेला आहे, असा त्याचा अर्थ. 1980 च्या सुमाराच्या ‘रोग’ (Rogue) या संगणकीय खेळात दर डावाला तळघरांची नवी मांडणी मिळे, ती अशीच. इथे ‘प्रक्रियेद्वारे निर्मित’ हा प्रतिशब्द मला पटतो.

अ-204 : आणि ‘पद्धतशीरपणे’?

क-101 : ते ‘मेथॉडिकली’. त्यात काम करणाऱ्याची शिस्त दिसते, नियमांचे बंधन दिसतेच असे नाही.

सचिव : आभारी आहे. मराठी वाक्य तसेच ठेवून इंग्रजीत ‘ड्यूली टेकन’ असा बदल करतो. मात्र पुढील परिच्छेदात ‘प्रोसीजरली, द ऑब्जेक्शन केम टू लेट’ असेही वाक्य आहे.

क-101 : ते राहू द्यावे, तिथे शब्द अचूक बसला आहे. मराठीत ‘कार्यपद्धतीच्या दृष्टीने पाहता, हरकत मुदतीनंतर आली’ असे लिहावे. हरकतीत तथ्य होते की नव्हते, याविषयी ते वाक्य काहीच म्हणत नाही.