जनुकशास्त्रातले कोसंबी आणि नाण्यांवाले कोसंबी एकच का?

रानजाई: बीएस्सीला जनुकशास्त्रात ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ आलंय. मैत्रिणीला इतिहासात प्राचीन नाण्यांवर कोसंबी आहेत. बाबांच्या कपाटात बुद्धावर लिहिणारे कोसंबी! नेमके किती जण?

जुनापुणेकर: नाणी आणि जनुकं एकाच माणसाची. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोवा. पेशानं गणिती. गुणसूत्रावर दोन जनुकं लांब असली की मधे गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल होऊन ती पुन्हा एकत्रच दिसतात, त्यामुळे ती किती वेळा वेगळी होतात त्यावरून मोजलेलं अंतर कमी भरतं. १९४४ चं त्यांचं सूत्र ती तूट भरून काढतं, शिवाय एक अदलाबदल शेजारच्या दुसरीला अडवते हेही हिशोबात धरतं.

नाण्यांचं काम मला त्याहून प्रिय. हजारो आहत नाणी, म्हणजे ठसे मारून घडवलेली प्राचीन नाणी, त्यांनी एकेक करून तोलली. हातोहात फिरलेलं नाणं झिजतं. जास्त फिरलेल्या गटाचं सरासरी वजन उतरतं आणि वजनांतली तफावत वाढते. त्यावरून कुठलं आधीचं ते लावायचं. तराजू आणि संख्याशास्त्र घेऊन इतिहासात शिरणारा असा माणूस विरळाच. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच, हे मैत्रिणीला जरूर सांग.

कुंदकळी: बाबांच्या कपाटातले ते वडील, धर्मानंद. पाली पंडित, फर्ग्युसनमध्ये शिकवलं, हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली बौद्ध ग्रंथ संपादला.

जुनापुणेकर: आणि दामोदरांची मुलगी मीरा, समाजशास्त्रज्ञ. पंडिता रमाबाईंवर त्यांचं मोलाचं काम आहे. आजोबांचं आत्मचरित्र ‘निवेदन’ त्यांनीच इंग्रजीत आणलं.

रानजाई: म्हणजे तीन पिढ्या! ‘निवेदन’ कपाटात आहे, आजच काढते.