१४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. रेसचा घोडा सांभाळता येईल का?

कराडचा_रिगवाला:
नमस्कार मंडळी. मी मुंबई हायला, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर फ्लोअरमन (विहीर खोदणाऱ्या टोळीतला कामगार) आहे. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं, १४ दिवस रोज १२ तास ड्यूटी, मग १४ दिवस घर. आजोबांकडं घोडी होती, तेव्हापासून हे वेड. आता पुण्याच्या रेसकोर्सवर पळून निवृत्त झालेला ६ वर्षांचा घोडा मिळतोय, पाय शाबूत आहेत. शर्यतीला जुंपायचा नाही, फक्त सांभाळायचा आहे. जुना गोठा आहे, भोवती दोन गुंठे जागा. घरी बायको, आई आणि ८ वर्षांची मुलगी. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) हवं तेवढं मिळतं. मी नसताना निभेल का?

मिरजेचा_मळा:
दादा, मी ३१ वर्षं तेलाच्या कामात काढली, ड्रिलर म्हणून निवृत्त झालो. या काळात रेसमधून आलेले तीन घोडे सांभाळले.

आधी वाढ्याचा विचार सोडा. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही आणि घोड्याची हाडं कमजोर होतात. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज निदान ७ किलो चांगलं वाळलं गवत लागतं. रेसमधून आलेला घोडा भरपूर ओट्सवर वाढलेला असतो. दाणा एकदम तोडू नका, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू उतरवा. दोन गुंठे त्याला पुरणार नाहीत. रोज तासभर कुणीतरी हातात धरून फिरवायला हवं.

आता खरी गोष्ट. माझ्या पहिल्या घोड्याला मी रिगवर असताना रात्री पोटशूळ उठला. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलं की जिवावर बेततं. तो सारखा खाली बसून लोळायला बघत होता. आमच्या मंडळींनी भर पावसात त्याला पहाटेपर्यंत चालवला, एकटीनं. उजाडल्यावर डॉक्टर आले, घोडा वाचला. तेव्हा रिगवरून फोन रेडिओरूममधून, तोही नंबर लागला तर. मला यातलं काही कळलं नव्हतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पहाटे मिरजेला उतरून घरी आलो, तर हिच्या पायांना फोड. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला जाताना मला शिकवून जा."

मग शिकवलं. जबड्याखालची शीर धरून ठोके मोजायचे, उभ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४. लीद किती वेळा टाकली, पाणी किती बादल्या प्यायला, तोबऱ्यात दाणा उरला का, हे सगळं वहीत. रिगवर शिफ्ट बदलताना आपण रिपोर्ट लिहून देतो ना, तसंच. वही मुलगा लिहायचा. घरी आलो की चहाआधी मी ती वाचायचो. त्याची चौथीतली अक्षरं अजून जपून ठेवली आहेत.

म्हणून हा प्रश्न इथं विचारण्याआधी वहिनींना विचारा. त्यांचं मन नसेल तर निवृत्त होईपर्यंत थांबा.

सांगलीची_लेक:
काकांचं पटलं. माझे वडीलही रिगवर होते. घरी आले की पिशवी ओट्यावर टाकून आधी पागेत जायचे, आम्ही दोघं भावंडं दारातच उभी. आईनं एकदा त्यांना ते सांगितलं. त्यानंतर आम्हाला घेतल्याशिवाय ते कधी पागेत गेले नाहीत. खरारा (घोड्याचं अंग घासायचा ब्रश) माझ्याकडं, पाणी भावाकडं. १४ दिवसांत शाळेत काय काय झालं, ते सगळं आम्ही तिथंच सांगायचो. तुमच्या मुलीच्या हातात पहिल्या दिवशीच खरारा द्या, फक्त एकटीला आत सोडू नका.

कराडचा_रिगवाला:
काल रात्री बायकोशी बोललो. ती म्हणाली, आधी मला घोडा बघू दे. रविवारी आम्ही तिघं पुण्याला जातोय, आई घरी थांबेल. वाढं बंद. काका, नालबंद किती दिवसांनी बोलवायचा?

मिरजेचा_मळा:
साधारण दर सहा आठवड्यांनी. तुम्ही घरी असाल तेव्हाच बोलवा, नवा घोडा नाल ठोकताना बिथरतो. आणि पुण्याला गेलात की घोडा वहिनींच्या हातात देऊन थोडा वेळ बाजूला उभे राहा. तो त्यांच्याबरोबर कसा चालतो ते बघा.