बायपासवर मोठं स्टोअर आलं, पेठेतलं गिऱ्हाईक आटलं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मुख्य पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी बायपासला प्रशस्त पार्किंगचं मोठं डिस्काउंट स्टोअर उघडलं. किराणावाल्यांना फटका बसणार हे दिसतच होतं. पण गल्ला आमचाही उतरलाय. महिन्याची यादी टाकायला बायका पेठेत यायच्या. माल बांधून होईपर्यंत बांगड्या, ब्लाउजपीस, कुकरची रिंग, एखादा डबा अशी खरेदी व्हायची. यादीच तिकडे गेली, मग बाकीचं कोण घेणार?

स्टीलचे डबे तिकडेही आहेत, आणि स्वस्त. पत्रा पातळ आहे, पण ते डबा हातात देऊन दाखवावं लागतं, त्यासाठी गिऱ्हाईक आधी पायरी चढायला हवं ना! रुखवताची भांडी, नाव घालून देणं आणि जुन्या पितळेची मोड, एवढ्यावर सध्या चाललंय.

व्यापारी संघटनेत मोर्चाचं घाटतंय. मला त्यात दम वाटत नाही. मोर्चातले निम्मे रविवारी तिथेच ट्रॉली ढकलताना दिसतात (आमच्या घरचेही).

पेठ गुरुवारी बंद असते. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर सातही दिवस दुकान उघडं ठेवता येतं. कुठल्या पेठेनं ही सुट्टी मोडून पाहिली आहे का? आणि गाड्या लावायला नगरपालिकेकडून जागा मिळवली असेल, तर कशी?

प्रतिसाद १
अमेरिकेत आयोवा राज्यात केनेथ स्टोन या अर्थतज्ज्ञांनी वॉलमार्ट या मोठ्या स्वस्त स्टोअरमुळे छोट्या गावांवर झालेला परिणाम अभ्यासला होता. तोच माल विकणारे मार खातात, पण तिथे न मिळणारा माल ठेवणाऱ्यांना गावात वाढलेल्या गर्दीचा फायदाही होतो. तुमच्याकडे ती गर्दी बायपासवरूनच परत फिरते, ही खरी अडचण.
आमच्याकडे किराणावाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेऊन घरपोच सुरू केलं. ते तगले, पण बांगडीवाल्याचं गिऱ्हाईक आणखीच घरी बसलं! सुट्टी मोडायची तर सगळ्यांनी एकदम मोडा, चार दुकानं उघडून कोणी फिरकत नाही. तुमचा आठवडी बाजार कुठे भरतो?

धागाकर्ता
पूर्वी पेठेतच भरायचा. वाहतुकीचं कारण देऊन नदीकडच्या मैदानात हलवला.

प्रतिसाद २
मग पार्किंग राहू द्या, नगरपालिकेत पहिलं निवेदन बाजाराचं द्या.