एलडीसीचा (सरकारी कनिष्ठ कारकुनाचा) फॉर्म कधी भरलाय का? लागली असो वा नसो, अनुभव लिहा

फणसपोळी :
काल भाची आली होती एलडीसीचा फॉर्म भरायला. लॅपटॉप माझा, ओटीपी तिच्या बाबांच्या फोनवर आणि बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेतायत. दर ओटीपीला फोन, मागे कोणीतरी ओरडतंय "शंभराक तीन, शंभराक तीन". तो ओटीपीचाच भाग समजून ती टाइप करणार होती.

आता कर्मचारी निवड आयोग परीक्षा घेतो, सगळं कॉम्प्युटरवर. आमच्या वेळी प्रत्येक खात्याची जाहिरात वेगळी. आज कृषी, उद्या शिक्षण, परवा वीज. पपा सकाळी पेपर उघडून आधी मृत्यूची पानं बघायचे, मग जाहिराती. लाल पेनाने गोल करून पेपर माझ्या ताटाशेजारी. बोलायचे काही नाहीत. मग झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन सरकारी हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे अ‍ॅटेस्टेशनला जायचं. रविवारी ते पोफळींना पाणी घालत असायचे. हात पुसून, चष्मा शोधून, प्रत्येक पानावर सही, शिक्का. एकदा म्हणाले, "बाय, तुझी मार्कशीट मला पाठ झाली, मूळ प्रत नाही आणलीस तरी चालेल."

गोव्यात असं घर दाखवा जिथे एकाने तरी हा फॉर्म भरला नाही. लिहा. ज्यांना लागली नाही त्यांनी तर आधी लिहा.

कापां_मिरची :
नोकरीचं काही सांगण्यासारखं नाही. पण परीक्षा संपल्यावर पणजीत पातळ भाजी, पाव आणि मिरची खाल्ली होती ती अजून आठवते. पेपर कसा गेला ते आठवत नाही. 😂

शेजारीण_केप्याची :
पणजीची भाजी गोड असते. मडगावात खा.

कापां_मिरची :
सुरू झालं सासष्टीकरांचं.

बेती_फेरी :
मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, त्यामुळे वेळच वेळ आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

साल १९८६. जुलैच्या ५ तारखेला मांडवीचा पूल कोसळला, आणि माझी मुलाखत त्याच महिन्यात. घर पर्वरीला. रोज समोर दिसणारी पणजी एकदम परदेश झाली. फेरीबोटीसाठी बेतीच्या धक्क्यावर ही गर्दी! पाऊस असा की छत्री नुसती मानाला. माझी फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी शर्टाच्या आत, वर रेनकोट. कागद कोरडे राहिले, मी नाही. सचिवालय तेव्हा मांडवीकाठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात. फेरीतून उतरून तसाच आत गेलो. शिपायाने बघितलं आणि म्हणाला, "पंख्याखाली उभा राहा, तुझा नंबर मागे टाकतो." देवमाणूस. पुढे आम्ही एकाच सेक्शनला होतो काही वर्षं.

मुलाखतीत विचारलं, दीवला बदली झाली तर जाल का? तेव्हा गोवा, दमण आणि दीव एकच संघप्रदेश, म्हणजे प्रश्न थट्टेचा नव्हता. मी म्हटलं, "जाईन साहेब, पण वाटेत फेरी नसावी." तिघेही हसले. बहुतेक तिथेच काम झालं.

ऑर्डर आली ती २६०-४०० च्या स्केलवर. नंतर चौथा वेतन आयोग लागू झाला, स्केल ९५०-१५०० आणि मागची थकबाकी. त्या पैशांत आईसाठी मिक्सर आणला. तिने वर्षभर तो कपाटात ठेवला, वाटण रगड्यावरच. १९८७ च्या मे महिन्यात गोवा घटकराज्य झालं, दमण-दीव वेगळे राहिले. सगळे घटकराज्याचे पेढे वाटत होते, मी दीवची बदली टळल्याचे वाटले.

फणसपोळी :
काका, 'काम झालं' ते पंख्याखालीच झालं असणार. कागद कोरडे बघूनच घेतलं तुम्हाला.

अर्धवट_टायपिस्ट :
टायपिंगवर कोणीच नाही बोललं अजून??

इंग्रजी टायपिंग मिनिटाला तीस शब्द. ऐकायला काहीच नाही. डिचोलीत एका दुकानाच्या माडीवर क्लास. खाली सुक्या मासळीचं गोदाम, वर आम्ही एएसडीएफ बडवतोय. पावसाळ्यात खिडक्या बंद, मग तर विचारू नका. माझ्या मशीनचा 'ई' अर्धाच उठायचा. इंग्रजीत 'ई' नसलेला शब्द शोधून दाखवा! सर म्हणायचे, "जोर लाव, सरकारी टेस्टला मशीन याहून वाईट मिळेल." खरं निघालं. एका खात्याने तर स्वतःचं मशीन घेऊन या म्हणून कळवलं. भाड्याने घेतलं, गोणपाटात गुंडाळलं, सरकारी कदंब बसमध्ये चढलो. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं आणि विचारलं, "आत किते, दुकर?" अख्खी बस हसली. टेस्टला एकवीसचा स्पीड आला. हात बसमध्येच दुखून गेलेले.

आता खासगी कंपनीत आहे. दोन बोटांनी टाइप करतो, कोणी मोजत नाही.

जुनी_गल्ली :
त्याच माडीवरच्या क्लासला मी होते बहुतेक. चष्म्यावाले सर? बटणं झाकायला टॉवेल टाकायचे बोटांवर?

अर्धवट_टायपिस्ट :
तेच! निळा टॉवेल. तुम्ही कुठल्या बॅचला?

जुनी_गल्ली :
सकाळच्या. आमच्या बॅचमध्ये दोन लग्नं जमली, एलडीसी एकच झाला.

पेडण्याची_सून :
भाकऱ्या करता करता लिहितेय, चुका असतील.
माझं माहेर बांदा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की सासर. माहेरच्या गच्चीवरून आमच्या गावचे माड दिसतात म्हटलं तरी चालेल. पण फॉर्मवर पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला हवा. लग्न होऊन आले तेव्हा बीकॉम, टायपिंग चाळीसचं, सगळं तयार. सासऱ्यांनी मोठ्या हौसेने जाहिरात आणली आणि खालची ओळ वाचून गप्प बसले. म्हणाले, "पोरी, थांबायला लागेल थोडं."

थोडं म्हणजे पंधरा वर्षं! तेवढ्यात दोन मुलं झाली, सासरे गेले, घराची कौलं जाऊन स्लॅब पडला. मध्ये शेजारी चिडवायचे, किती राहिली गं? सजा भोगल्यासारखं. एक बरं की इथे वयाची अट पंचेचाळीसपर्यंत असते, नाहीतर दाखला हातात आणि वय पार. दाखल्यासाठी जुनी रेशनकार्डं, मतदारयादीतली नावं, मुलांचे जन्मदाखले, सगळं काढलं. एका कार्यालयात बाई म्हणाल्या मधल्या दोन वर्षांचा पुरावा कुठाय. त्या दोन वर्षांत मी बाळंतपणाला माहेरी जाऊन-येऊन होते. म्हटलं हा मुलगा बघा, हाच पुरावा, पेडण्यात शाळेत आहे. हसल्या पण कागद मागितलाच.

मिळाला शेवटी दाखला. परीक्षा दिलीय. कोकणी येणं सक्तीचं, त्याची भीती नव्हती, पंधरा वर्षं सासूशी कोकणीतून भांडलेय. भाकरी करपली.

सत्तरीचो_पाऊस :
ताई __/\__ निकाल लागला की कळवा.

कोकणीवरून, आमच्यासारख्यांचं वेगळंच आहे. घरात कोकणी बोलतो, शाळा मराठी, आजोबांची पत्रं मराठी, देवळातली भजनं मराठी. परीक्षेत देवनागरीतली कोकणी समोर आली की तोंडाने वाचावी लागते. ओठ हलवत पेपर सोडवत होतो, सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेला. जाहिरातीत मराठी 'असल्यास उत्तम' एवढंच. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला जागा दिली म्हणतात, पण

फणसपोळी :
थांब रे सायबा! तो वाद इथे नको, तो सुरू झाला की चवथीपर्यंत संपत नाही. वाळपईहून परीक्षेला कसा जायचास ते सांग.

सत्तरीचो_पाऊस :
😄 बरं. पहाटेची पहिली कदंब. आई डब्यात उकडे तांदूळ आणि लोणचं द्यायची, परीक्षेच्या दिवशी मासे नाहीत. का ते विचारायची सोय नव्हती.

सामान्यज्ञानात गोव्याचं सर्वांत उंच शिखर विचारलं होतं. सोंसोगड! आमच्या सत्तरीतलं. बाहेर आल्यावर मुरगावची मुलं डोकं धरून बसलेली. बांदोडकर पहिले मुख्यमंत्री आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल सगळ्यांनाच येतो, त्यात कोण पुढे जाणार.

पण खरी परीक्षा त्याच्या आधीच्या रविवारी. बाबा म्हणाले, मंत्र्यांकडे जाऊन येऊया. बल्काववर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, ही रांग, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. एकाने फणस आणलेला. मंत्री बाहेर आले, सगळ्यांच्या फाइली घेतल्या, सगळ्यांना म्हणाले बघूया, आणि फणसवाल्यालाही तेच. परतताना बाबा खूश, "नाव वाचलं बघ त्यांनी." मला नाही वाटत वाचलं. बाबांना कधी सांगितलं नाही.

बेती_फेरी :
त्या फाइलींचं पुढे काय होतं ते मी सेक्शनमध्ये बसून पाहिलंय. लिहीत नाही.

शेजारीण_केप्याची :
लिहा ना काका, पेन्शन सुरू झाली आता.

बेती_फेरी :
म्हणूनच लिहीत नाही.

मांडवीचा_वारा :
फणस परवडला. आमच्याकडे एक बाई यायची, गळ्यात चार पदरी, बोलणं लाघवी. "मुलीचं करून देते, वरपर्यंत ओळख आहे." लाखांतला आकडा सांगितला, अर्धे आधी अर्धे ऑर्डर हातात पडल्यावर. आई सोनं मोडायच्या तयारीत. बाबांनी एकच विचारलं, "पावती देशील?" परत आली नाही. २०२४ च्या दिवाळीच्या आसपास पेपरात रोज नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या बातम्या, अटका सुरू झाल्या तेव्हा आईने बाबांना न सांगता सोनसाखळी काढून मला घातली. मला नोकरी नाही, साखळी आहे.

ज्यांचे पैसे बुडाले त्यांना हसू नका मात्र. माझ्या ओळखीतल्या एकाने शेत विकलं. पोलिसांत गेला तर पैसे दिले म्हणून तोही गुन्हेगारच ना. गप्प बसलाय.

कापां_मिरची :
🙏 वाईट.

आई_पण_उमेदवार :
माझं कोणी मानणार नाही. मी त्रेचाळीस, मुलगी एकोणीस, दोघींनी एकच परीक्षा दिली. मी भरलाच नसता फॉर्म, तिचा भरताना नवरा म्हणाला तुझाही टाकूया, सोबत होईल. रात्री ती मोबाइलवर प्रश्नसंच सोडवायची, मी भांडी घासता घासता उत्तरं सांगायची. टक्केवारीचे हिशेब मला तोंडी येतात, वाण्याच्या दुकानावर बसलेय लग्नाआधी. परीक्षेच्या हॉलमध्ये एक मुलगा म्हणाला, काकी, पालकांनी बाहेर थांबायचं. हॉल तिकीट दाखवलं.

मार्क माझे जास्त! तिने दोन दिवस आमटीत मीठ कमी की जास्त याशिवाय माझ्याशी विषय काढला नाही. मग एकदम म्हणाली, "मम्मी, गणित शिकव." निवड दोघींचीही नाही. पुढच्या जाहिरातीला पुन्हा बसणार आहोत.

पेडण्याची_सून :
अगं मला पण शिकव ते टक्केवारीचं. लसावि मसावि तर मी मुलाच्या वहीतून केला.

नवा_बारावी :
सॉरी मधेच विचारतो, सुरुवातीला पगार किती असतो? आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड लागतं का?

बेती_फेरी :
लेव्हल दोन, बेसिक १९,९००, वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. कार्ड जाहिरातीत मागितलं असेल तर लागतं. काढून ठेव. रहिवासी दाखलाही आत्ताच काढ, जाहिरात आल्यावर सगळं गोवा एकदम मामलेदाराकडे धावतं. आणि बारावीवर थांबू नको, शिकत राहा. वरच्या खुर्च्यांवर बसायला पुढे खात्याच्या परीक्षा असतात.

नवा_बारावी :
थँक्यू अंकल. पप्पा म्हणतात एलडीसी झालास की लगेच लग्न.

जुनी_गल्ली :
मग टायपिंग क्लासला जा, दोन्ही कामं तिथेच होतात.

शेजारीण_केप्याची :
फणसपोळी, तुझं स्वतःचं काय झालं ते लिहिलंच नाहीस. गोल केलेल्या जाहिराती एवढ्या, आणि?

फणसपोळी :
नाही लागली. वेटिंग लिस्टमध्ये नाव होतं एकदा. पपांनी ती यादी देव्हाऱ्यात ठेवलेली. मी शिकवण्या घेते, बरं चाललंय. पातोळ्या उकडायला ठेवल्यात, येते जरा.

अर्धवट_टायपिस्ट :
विषय निघालाच आहे तर, जुनं रेमिंग्टन घेतलंय भंगारवाल्याकडून. मुलीला खेळायला. रिबन कुठे मिळते कोणाला माहीत? 'ई' याचा पण अर्धाच उठतो.

बेती_फेरी :
माझ्याकडे दोन आहेत, डबीतून काढलेल्याही नाहीत. सुकल्या असतील. पर्वरीला ये, घेऊन जा. येताना नव्या पुलावरून येऊ नकोस, मॉलकडे ट्रॅफिक असतो.

कापां_मिरची :
मी पण येतो काका, जवळच राहतो. भाजी-पाव घेऊन येऊ?

शेजारीण_केप्याची :
पणजीचीच आणणार हा.